हात लागला नव्हता, वहिनी

वहिनी, त्या सकाळी आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं. तू शाळेच्या मैदानावरून फोनवर बोलत होतीस, मागं पोरींचा गलका चालला होता आणि तू त्याच्यावर आवाज चढवून सांगत होतीस, "जये, मला नवीन मुद्दा सापडलाय. ह्यावेळी तुला तोंड उघडता येणार न्हाई." मी म्हटलं, सांग की मग. "आत्ता न्हाई, पोरी खोळंबल्यात. दुपारी निवांत फोन करते." दुपारी फोन आला तो दादाचा. "वर्षाला दवाखान्यात आणलंय, तू जल्दी ये," एवढंच तो बोलला. मी बियाण्याच्या कंपनीतून तशीच निघाले, पॅकिंगच्या खोलीत घालतो तो मास्कसुद्धा तोंडावरून काढला नाही. रिक्षात बसल्यावर वाटलं, पडली असेल मैदानावर, पाय मुरगळला असेल. आता हिला आठ दिवस घरात बसवायचं म्हणजे सगळ्या घराच्या डोक्याला ताप.

पाय मुरगळला नव्हता. दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन तू शिक्षकांच्या खोलीत खुर्चीत बसलीस आणि बसल्याजागीच मान टाकलीस, असं तुझ्या शाळेतल्या बाई सांगत होत्या. डॉक्टर हृदय म्हणाले. चाळिशीसुद्धा गाठली नव्हतीस तू. सकाळी मैदानाला चकरा मारणाऱ्या बाईचं हृदय दुपारी बंद पडतं, हे त्यांनी मला दोनदा समजावून सांगितलं आणि मी दोन्ही वेळा मान हलवली, पण ते अजून माझ्या डोक्यात शिरलेलं नाही. परवा मी मोबाइलवर तुला लिहून पाठवलं, "मुद्दा काय होता?" पाठवल्यावर शेजारच्या खोलीत कपाटात कुठंतरी तुझा फोन वाजला. दादा उंबऱ्यात उभा होता, त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि तो बाहेर निघून गेला.

गावाकडं, वडीगोद्रीच्या घरी तुला आणलं तेव्हा ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. एक बाई म्हणाली, "अहेव गेली, भाग्याची." मग दुसरी म्हणाली, मग सगळ्याच म्हणायला लागल्या. मला त्या शब्दाची चीड आली वहिनी. कुंकवासकट गेली म्हणून भाग्याची? तुझी तन्वी सहावीत आहे, लेकीला अजून वेणी घालता येत नाही, यात भाग्य कुणाचं ते मला कुणी सांगावं.  नणंदेचा मान म्हणून हिरव्या बांगड्या माझ्या हातात दिल्या. मी तुझा हात मांडीवर घेतला. मैदानावर तुझ्यामागं पळून पळून माझी दमछाक व्हायची, तू कधी हाताला लागायची नाहीस, आणि आता तोच हात मुकाट माझ्या मांडीवर पडून होता. बांगड्या चढवताना मी तुझ्या मनगटाकडं बघत राहिले आणि अशा वेळीसुद्धा डोक्यात तेच होतं, की माझा हात इथं लागला होता का. मावशीनं विचारलं, "काय पाहून राह्यलीस गं एवढं?" मी पुढची बांगडी उचलली.

हे भांडण बाहेरच्या माणसाला सांगायचं तर थाळीपासून सुरुवात करावी लागते. खेळाच्या शिक्षकांच्या शिबिराला तू संभाजीनगरला गेल्तीस आणि येताना प्लॅस्टिकची एक पांढरी जड डिस्क घेऊन आलीस. आईनं ती उलटीपालटी करून पाहिली. "ही कसली थाळी गं? ह्यात जेवत्यात काय?" तू फ्रिस्बी म्हणालीस, खेळायची असते म्हणालीस. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात कोंबड्या तिच्यात दाणे टिपत होत्या.  तू कोंबड्यांचं होईपर्यंत थांबलीस, मग नळाखाली धुतलीस आणि पदर खोचून तिथंच अंगणात फेकून दाखवलीस. धावड्याची पोर तू, लहानपणी माळ्यावर उभी राहून गोफणीनं पाखरं उडवलेली, त्यामुळं मनगट तयारच होतं. डिस्क कडुनिंबाला वळसा घालून परत तुझ्याच बाजूला आली. आई म्हणाली, "बिलकुल गोल फिरली की." एवढं कौतुक तिनं माझंही कधी केलेलं नाही.

या खेळात बायका आणि गडी एकाच संघात असतात. जालन्यात मैदानावर यायला पोरं पुष्कळ मिळाली, बायका मिळेनात, म्हणून तू घरातूनच भरती केलीस. मी तेव्हा तुम्हा दोघांकडं जुन्या जालन्यात राहायला आल्ते, दादाच्या कापडाच्या दुकानाच्या वरच्या खोलीत. तोवर मी तुला अहो-जाहो करायची आणि तू मला जयूताई म्हणायचीस. मैदानावर ते चालेना. "वहिनी, तुम्ही जरा डावीकडं या" असं माझं बोलणं पुरं होईपर्यंत डिस्क खाली पडलेली असायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी ओरडले, "वहिने, डावीकडं पळ!" आणि तू पळालीस, झेललीस आणि तिथूनच ओरडलीस, "असं बोल की जये!" पुढं घरीही तेच तोंडात बसलं. आईला ते फार लागलं. मोठ्या भावजयीला अरे-तुरे, वळण म्हणून काही राहिलंच नाही, असं ती गावभर सांगत होती. आज मी तुला तू म्हणते आहे ते त्या मैदानामुळं, नाहीतर हा लेखसुद्धा मला अहो-जाहोत लिहावा लागला असता.

मग तू परदेशाचं खूळ काढलंस. थायलंडमध्ये समुद्रकाठच्या एका गावात हौशी लोकांची स्पर्धा होती. बक्षीस नाही, निवड नाही, कुणीही एकट्यानं नाव द्यायचं आणि तिथं पोचल्यावर आयोजक सगळ्यांची सरमिसळ करून संघ पाडणार. दादा म्हणाला, "थाळी फेकायला परमुलखात?" मग म्हणाला, "पंच कोण असतो तिथं?" तू म्हणालीस, पंच नसतो. आपला फाउल आपणच सांगायचा, समोरच्याला पटलं नाही तर त्यानं न्हाई म्हणायचं. दादाला हसू आवरेना. "आपल्याकडं बांध मोजायला सरकारी माणूस येतो तरी डोकी फुटत्यात. बिनपंचाचं काय खेळून राह्यले तुम्ही?" पण पासपोर्टच्या कचेरीत तोच आपल्याला घेऊन गेला. आईची एकच अट होती. बांगड्या उतरवून, मोकळ्या हातानं परमुलखात जायचं नाही. तिथं तर खेळताना हातात काही चालत नाही. मग तू दोन्ही मनगटांतल्या बांगड्या तिथंच जवळजवळ सारून त्यावर दवाखान्यातली लवचिक पट्टी घट्ट गुंडाळलीस, आयोजकांना दाखवलीस आणि त्यांनी बरं म्हटलं. सासूही राजी आणि खेळही राजी. असा मधला रस्ता काढण्यात तुझा हात धरणारं कुणी नव्हतं.

समुद्र आपण दोघींनी पहिल्यांदा पाहिला तो परदेशात. मुंबईचाही पाहिला नव्हता. पहाटे उतरलो, सामान टाकलं आणि तू चप्पल हातात घेऊन सरळ पाण्यात गेलीस. पाणी पायाखालची वाळू ओढून न्यायला लागलं तशी माझा दंड पकडलास आणि म्हणालीस, "जये, आपल्याला घेऊन चाललं हे." मी हसत होते. सकाळी न्याहारीला तू शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे काढलेस तेव्हा जपानचे एक आजोबा येऊन बसले आणि दोन धपाटे खाऊन मग नाव सांगितलं. माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं लांब नेलं नव्हतं. हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं की नाही कोण जाणे, आता सांगते.

संघ पडले आणि तू निळ्यात गेलीस, मी पिवळ्यात. म्हणजे इतकं लांब जाऊन नणंद-भावजय समोरासमोर. तू पोट धरून हसलीस. आपला सामना होता शेवटून दुसरा नंबर ठरवण्यासाठीचा, पण दोघी अशा जिद्दीनं खेळत होतो की आपापल्या संघातल्या लोकांना आपली जरा भीतीच वाटायला लागली होती. दोन्हीकडचे गुण सारखे झाले. पुढचा गुण ज्याचा, सामना त्याचा. तुमच्यातल्या मलेशियाच्या उंच पोरानं डिस्क लांब कोपऱ्यात टाकली, तिथं झेलली की गुण. तू सुटलीस, मी तुझ्या पाठीवर. दोघींनी एकदमच उडी मारली. डिस्क तुझ्या बोटांत आली आणि सुटून वाळूत पडली.

"फाउल!" तू उभी राहिलीस ती मनगट धरूनच. "जये, तुझा हात आधी माझ्या मनगटावर बसला. मंग डिस्क सुटली."

मी म्हटलं, "वहिनी, माझा हात डिस्कवर होता. मनगटाला लागला असता तर खालच्या बांगड्या मला टोचल्या नसत्या का?"

"एवढी जाड पट्टी, तिच्यातून काय डोंबलं टोचणार तुला?"

खरी गंमत हीच होती. बांगड्या मोकळ्या असत्या तर वाजल्या असत्या, फुटल्या असत्या, साऱ्या किनाऱ्यानं ऐकलं असतं. आईचा मान राखायला तू त्या गुंडाळल्यास आणि त्यांनी तोंड मिटलं. आजूबाजूला दोन्ही संघ गोल करून उभे, आणि मधे आपण दोघी मराठीत. कुणीच मधे पडलं नाही. एका डच बाईंनी हळूच विचारलं, तुम्ही एकमेकींच्या कोण? तू मोडक्या इंग्रजीत सांगितलंस, ही माझ्या नवऱ्याची बहीण. सगळ्यांनी एकदम माना डोलावल्या. ते नातं तिकडंही असंच असावं.

दोघींपैकी कुणी मागं हटेना, तेव्हा नियमाप्रमाणं डिस्क परत त्या मलेशियाच्या पोराकडं गेली, जणू ती फेक झालीच नव्हती. त्यानं पुन्हा टाकली, वाऱ्यानं ती भलतीकडं नेली, आम्ही उचलली आणि गुण केला. सामना आमचा झाला. मग रिवाजाप्रमाणं दोन्ही संघ मिसळून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गोल उभे राहिले, एकेकानं दोन शब्द बोलायचे. तू माझ्याच शेजारी येऊन उभी राहिलीस. घामानं भिजलेला तुझा हात माझ्या मानेवर होता. तुझी पाळी आली तेव्हा तू म्हणालीस, "माझी नणंद खोटं बोलत न्हाई. पण हात लागला." जपानच्या आजोबांसाठी कुणीतरी ते सांगितलं आणि त्यांनी तुला वाकून नमस्कार केला.

तिथून परत आल्यावर या भांडणावर आपण किती दिवाळ्या काढल्या. पोह्यांची ताटली डिस्क व्हायची, दादाला मलेशियाचा पोरगा करायचो, तन्वी कधी तू व्हायची कधी मी. तुझी पायाची दिशा, माझ्या उडीचा कोन, वारा कुठून होता, सूर्य कुणाच्या डोळ्यांत होता. आई चिडून म्हणायची, "तुमचं भांडण हाय का भजन, रोज उठून तेच." एकदा मीच कंटाळले. म्हटलं, वहिनी, इतकं काय आहे त्यात? मी एकदा हो म्हणून टाकते, संपवू.

तू पोळी तव्यावर टाकत होतीस. तव्यावरून नजर न हलवता म्हणालीस, "म्हणून टाकायचं न्हाई." मग गॅस बारीक केलास. "ह्या घरात आल्यापासून माझं बोलणं कधी चाललंच तर 'जाऊ द्या, म्हणते तर म्हणू द्या' असं चाललं. न्हाईतर मला गप केलं. त्या वाळूवर मी लागला म्हणले, तू न्हाई म्हणलीस, आन् दोघींचं बराबर धरलं. कुणी मला गप बस म्हणलं न्हाई. तू मनापासून न्हाई म्हण जये. दया म्हणून हो म्हणलीस तर मी तुझ्याशी बोलणार न्हाई." पोळी करपली. ती तू माझ्याच ताटात वाढलीस.

हे बोलणं तुझ्या-माझ्यातच राहिलं. म्हणून काल गंगेवर, गोदावरीकाठी, जे झालं ते मी एकटीनंच केलं असं सगळ्यांना वाटतं आहे.

दहाव्याचा पिंड मांडला. पलीकडं बाभळीवर कावळे होते, चांगले पाच-सहा होते, पण एकही खाली येईना. ऊन चढायला लागलं. दादा हात जोडून म्हणाला, तन्वीला काही कमी पडू देणार न्हाई. कावळा हलला नाही. तुझा भाऊ म्हणाला, तन्वी दर सुट्टीत धावड्याला येईल. आई पुढं झाली.  "तुझी थाळी मी कोंबड्यांना लावली, वर्षा. आता कुणाला हात लावू देणार न्हाई तिला." मला रडू आलं ते तिथं. दवाखान्यात आलं नव्हतं, चितेपाशी आलं नव्हतं. कावळे बसूनच होते.

मग दादा माझ्याकडं वळला. डोळे सुजून लाल झाले होते त्याचे. "जयू, तिचं एकच राह्यलं असंल. म्हण की हात लागला होता म्हणून."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. थायलंड, डिस्क, पट्टी यातलं ज्यांना काही ठाऊक नव्हतं तेसुद्धा. गुरुजी म्हणाले, "म्हणून टाका ताई. दोन शब्दांनी काय जातंय?" मावशी मागून म्हणाली, "मेलेल्या माणसाशी कसला हट्ट करून राह्यली ही." दादानं हात जोडले. माझ्या मोठ्या भावानं माझ्यापुढं हात जोडले, वहिनी. मी लहान असताना मला खांद्यावर बसवून शाळेत नेणारा भाऊ. तुझ्यासाठी त्याला आता करता येण्यासारखं तेवढंच उरलं होतं आणि ते माझ्या तोंडात होतं.

मी पुढं गेले. पिंडापाशी गुडघ्यावर बसले. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या जिभेवर आलं होतं. पण म्हटलं असतं तर सासरच्या माणसांनी पुन्हा एकदा तुझं बोलणं 'जाऊ द्या' म्हणून चालवून घेतलं असतं, तेही सगळ्या गावादेखत, तू उत्तर द्यायला नसताना. मी म्हटलं, "हात लागला नव्हता, वहिनी." मोठ्यानंच म्हटलं.

कावळा शिवला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि उठा म्हणाले. परतताना जीपमध्ये माझ्याशी कुणी बोललं नाही. दादा अजून बोलत नाही. आज सकाळी मी चहा नेऊन ठेवला, तो तसाच गार झाला. तन्वी एकटीच जवळ आली आणि म्हणाली, "आत्या, तू आईला हरवलंस का?" मी तिला जवळ घेतलं.  भांडणात दुसरी बाजूच उठून गेली तर जिंकणं कसलं आणि हरणं कसलं, हे मलाच अजून कळत नाही. मला फक्त एवढं कळतं की त्या वाळूवर काय झालं हे साऱ्या जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि आता मी एकटी जे म्हणेन तेच खरं धरलं जाईल. मला ते नको आहे.

दादाला मी ते पोळीच्या वेळचं तुझं बोलणं सांगणार आहे. आज ना उद्या, त्याच्या कानात काही शिरायला लागलं की. तो रागावेल, मग रडेल, मग कदाचित समजेल. पण त्यानं समजून माझं भागणार नाही. माझ्या तोंडावर नाही म्हणणारं माणूस मला तू मिळाली होतीस, आणि आता घरात सगळे माझं ऐकून घेतील किंवा माझ्यावर रुसतील, भांडणार कुणी नाही. तू एकदाच म्हण वहिनी, की लागला होता. मी लगेच नाही म्हणते.